सटवाजीची दाढी, महाराजांचा दंड

"यंदा टोचणी बंद! साठीच्या वरच्या कुणालाही सुई लागता कामा नये!"

वडजाईच्या महाराजांनी भर दरबारात हुकूम सोडला आणि स्वतःचा डावा दंड उजव्या हाताने घट्ट धरला. सत्तरी उलटलेले महाराज वाघाला भीत नव्हते, पण सुईचं नाव काढलं की त्यांचा चेहरा उतरायचा. गेल्या वर्षी हिवाळी तापाची टोचणी घेतली, तर दंड दोन दिवस ठणकला आणि एक रात्र अंगात कणकण राहिली. त्यात राजवाड्यात मटणाची पंगत आणि महाराजांच्या ताटात मऊ भात! ताप माणूस विसरतो, मऊ भात कसा विसरणार?

दवाखान्याच्या नर्स एस्तेरबाई हात जोडून म्हणाल्या, "महाराज, औषधाच्या कुप्या बर्फात ठेवल्यात. बर्फ परवापर्यंतच टिकेल. गावातली दीडशे म्हातारी माणसं वाट बघत बसलीत."

"गेल्या वर्षी घेतली ना? मग पुन्हा कशाला?"

"हा ताप बहुरूप्यासारखा आहे. दर साली सोंग बदलतो. अंगातल्या जुन्या पहाऱ्याला तो ओळखूच येत नाही."

"काहीतरीच! एकदा पाहिलेला माणूस मी आणि माझे पहारेकरी जन्मात विसरत नाही!" महाराजांनी खांबाला टेकून बसलेल्या, छातीभर दाढीच्या म्हाताऱ्या बहुरूप्याकडे बोट केलं. "हा सटवाजी! चाळीस वर्षं सोंगं आणतोय. कधी फकीर, कधी फौजदार, पण देवडीवरच ओळखू येतो! सटवाजी, परवा दिवस मावळायच्या आत माझ्यासमोर घटकाभर बसून दाखव. कुणीच ओळखलं नाही, तर मीही टोचून घेईन आणि गावालाही मोकळीक. ओळखलं, तर कुप्या नदीत आणि बाई गावाबाहेर!"

सटवाजीनं मुजरा करून पैज घेतली. त्याची बायको ठकूबाई गेल्या वर्षी सुईच्या धास्तीनं माळ्यावर लपून बसली होती. मग ऐन थंडीत तापानं अशी धरली की तीन आठवडे उठली नाही. तिच्या उशाशी बसून सटवाजी लहान पोरासारखा रडला होता. यंदा तीच रांगेत पहिली बसली होती. तिला पुन्हा तसं अंथरुणात बघायची त्याची छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो दुरून देवडी न्याहाळत उभा राहिला. पहारेकरी नुसते पेटले होते! दिसेल त्याची दाढी ओढायची, रंग लावलाय का म्हणून गाल चोळायचे. पुजारीबुवा ओरडले, अत्तरवाला पळाला. दिवाणजी आले तर त्यांच्या दाढीला तिघे लोंबकळले. आता छातीवर रुळणारी ती भलीमोठी पांढरी दाढी सटवाजीची खरीच होती, ओढून निघणारी नव्हती, पण पहाऱ्याला इतका विचार कुठला! सटवाजीनं स्वतःची दाढी कुरवाळली. ठकूबाईच्या वेणीपेक्षा जास्त खोबरेल ही दाढी प्याली होती. त्यानं एक सुस्कारा सोडला आणि तो न्हाव्याकडे गेला.

घरात पाऊल टाकलं तर ठकूबाईनं पळी उगारली. "कोन रं मेल्या? आमचं धनी येतील येवढ्यात!"

"ठके, म्यांच हाय!"

"अगं बया! तुमाला हनुवटी हाय?"

सटवाजीला जे हवं होतं ते मिळालं. तिसऱ्या दिवशी साधं धोतर, साधी बंडी घालून तो देवडीवर गेला. पहारेकऱ्यांनी गाल चोळले, हनुवटी चाचपली. ना रंग, ना केस. "जा म्हातारबा!"

"सरकार, टोचनीचं गाऱ्हानं घिऊन आलोय," तो महाराजांना म्हणाला, सोंगाचा आवाज न काढता, घरात बोलतो तसा.

महाराजांची कळी खुलली. "या, या! असे जवळ बसा. कुठला दंड?"

"डावा."

"माझाही डावाच!"

"कुशीवर वळाया येत न्हाई, सरकार."

"अगदी!"

"मिशीला पीळ द्याया हात वर जात न्हाई."

"अहो, माझ्या मनातलं बोललात!" महाराजांनी स्वतःच्या हातानं त्याला विडा करून दिला. दोघा म्हाताऱ्यांच्या दुखण्याच्या गप्पा अशा रंगल्या की घटका कधी उलटली ते कळलंच नाही.

"आन् दोन दिसांनी, सरकार?"

"मग थांबला ठणका."

"आन् हिवाळाभर?"

महाराज विचारात पडले. "हिवाळाभर... शिंकसुद्धा आली नाही बुवा!"

सटवाजी उठला आणि खड्या आवाजात गरजला, "बहुरूप्याचा मुजरा घ्यावा, महाराज!"

महाराज गादीवरून अर्धे उठले.

"सटवाजी? अरे, दाढी कुठंय तुझी?"

"न्हाव्याकडं! सोंग लई मोठं लागत न्हाई, महाराज. निस्ती दाढी काढली, तर चाळीस वर्सांच्या वळखीचा मानूस तुमच्या हातचा विडा खाऊन बसला! ताप बी दर साली असंच काय तरी काढतुया, काय तरी लावतुया. मग पहाऱ्याला दर साली नवी वळख सुईबिगर कुनी द्यायची?"

महाराज हट्टाला पेटले. "ते ठीक. पण दंड का दुखावा?"

"कालपास्नं दिवानजींची हनुवटी दुखतीया का न्हाई? पहारा तयार व्हायचा म्हंजी घरात थोडी वढाताण हुनारच! म्हनून दिवानजी म्हनले का, पहाराच काढून टाका?"

"म्हणणारच होतो!" हनुवटी चोळत दिवाणजी पुटपुटले.

महाराज गडगडाटी हसले आणि त्यांनी बाही वर सारली. "बाई, आणा ती सुई! आणि गावाला सांगा, रांग लावा!" सुई टोचली तेव्हा त्यांनी डोळे मात्र गच्च मिटले होते. मग दंड चोळत म्हणाले, "सटवाजी, माझ्यापायी चाळीस वर्षांची दाढी घालवलीस. ती पुन्हा छातीपर्यंत वाढेस्तोवर तुम्हा दोघांचा शिधा राजवाड्यातून!"

सटवाजीनं वाकून मुजरा केला. "लई उपकार, सरकार! मग येक करा, रोज सकाळी शिध्यासंगं न्हावी बी धाडत जावा!"

महाराज इतके हसले, इतके हसले, की टोचलेला दंड तिथल्या तिथे ठणकू लागला, तरी त्यांचं हसू काही थांबेना!