आढीतला धड आंबा

एका गावात, डोंगराच्या उतारावर, एक म्हातारा आणि एक म्हातारी राहत होती. म्हाताऱ्याने परसात आंब्याचं झाड लावलं होतं, घागरीने पाणी घालून वाढवलं होतं. कितीतरी वर्षं वाट पाहायला लावून एका साली ते झाड पहिल्यांदा फळाला आलं.

म्हातारीने माळ्यावर गवत पसरून कैऱ्या पिकायला आढी घातली. रोज सकाळी ती आढी चाळायची आणि ज्या आंब्याला डाग पडला असेल तोच खाली आणायची. विळीवर बसून काळा भाग कापून टाकायची, उरलेल्या फोडी ताटलीत घालून नवऱ्यापुढे ठेवायची.

"अगं, आज एक धड आंबा काप की. माझ्या झाडाची खरी चव कळू दे मला," म्हातारा म्हणायचा.

"उद्या कापते हो. चांगला आहे तो टिकेल. डागाळलेला आज खाल्ला नाही तर वाया जाईल," म्हातारी म्हणायची.

बोलणं अगदी बिनतोड! पण दुसऱ्या दिवशी कालच्या चांगल्यातलाच एखादा डागाळायचा आणि तोच विळीवर यायचा. म्हातारी चिंगूस नव्हती, बरं का. लहानपणी तिने उपाशी दिवस काढले होते. अन्न टाकणं तिच्या जिवावर यायचं. म्हाताऱ्याला हे ठाऊक होतं, म्हणून तो बिचारा आंबूस फोडी मुकाट्याने खायचा आणि वर "गोड आहे" म्हणायचा.

एके दिवशी म्हाताऱ्याने अंथरूण धरलं. वैद्याने नाडी पाहिली आणि नुसतीच मान हलवली. तेव्हा कुठे म्हातारी धावत माळ्यावर गेली. आढीत एकच आंबा धड उरला होता, पिवळाधमक. तिने त्याची साल काढली, मोठमोठ्या फोडी केल्या.

"अहो, चांगला आंबा कापलाय. तोंड उघडा ना."

म्हाताऱ्याने ओठ उघडले, पण फोड गिळवेना. रस ओघळून उशीवर आला.

"उद्या खाईन," तो पुटपुटला. त्याला उद्याचा दिवस दिसला नाही.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला, तर काही केल्या कावळा शिवेना. झाडाच्या शेंड्याला एक शेवटचा आंबा राहिला होता, तो म्हातारीने उतरवून आणवला. घाटावरच विळी मांडून कापला आणि फोडी पिंडाशेजारी ठेवल्या.

"चुकलं हो माझं. घ्या, हा धड आहे," ती हात जोडून म्हणाली.

लगेच कावळा उतरला आणि फोड उचलून उडाला. "सुटला बिचारा," लोक म्हणाले आणि आपापल्या घरी गेले. म्हातारी तिथेच बसून राहिली. तिला काही केल्या रडू आवरेना. झाड वाढवलं त्याने, आणि धड आंब्याची फोड खाल्ली ती कावळ्याने!

तात्पर्य इतकंच: आंबा आढीत राखता येतो, माणूस राखता येत नाही. ज्याच्यासाठी चांगलं ठेवायचं, त्याला ते आजच कापून द्यावं.