न कुटलेली माती

"मग रंगाचे शंभरातले सत्त्याण्णव भाग मातीनं धरले, हे खोटं का, गुरुजी?"

हेमलता बोरसे नुकतीच डॉक्टरेट मिळवून आली होती, आणि ते तिच्या चालण्यातही दिसत होतं. तिनं काचेची बाटली टेबलावर ठेवली. तळाशी माती, वर नितळ पाणी. काल हेच पाणी निळंशार होतं. कीटकनाशक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिनं दाखवायला मातीला तसाच चिकटणारा रंग घेतला होता.

गुरुजी म्हणजे नाना वाघुले. माती तपासण्यात चाळीस वर्षं गेलेली. मी त्यांचा मदतनीस.

"चाचणी कशी केलीस?"

"विहिरीजवळच्या शेतातली माती वाळवली, कुटली, चाळली. रंगाच्या पाण्यात घालून दिवसभर हलवली. विहिरीपर्यंत फवारणीचं विष पोचणारच नाही. बंद ठेवलेली विहीर उघडायला हरकत नाही, असं गावाला कळवूनही टाकलं."



कोपऱ्यातून गुरुजींनी हातभर लांब लोखंडी नळा आणला. त्याच शेतात ठोकून काढलेला. आत काळी माती जशीच्या तशी, भेगांसकट. खाली पांढरी बशी ठेवली आणि वरून तोच निळा रंग ओतला.

"गुरुजी, याला निदान आठवडा..."

बशीत निळा थेंब पडला.

मग दुसरा. मग भेगांतून बारीक धारच लागली.

हेमलताच्या तोंडचं पाणी पळालं. मीही हादरलो, खोटं कशाला सांगू?

तिनं सरपंचांना फोन लावला. "विहीर उघडू नका!"

"सकाळीच उघडली ना, मॅडम. नारळ फोडला. बाया पानी भरून राहिल्या."

"थांबवा त्यांना! घोटभरसुद्धा नको. माझं चुकलं!"

पलीकडून ओरडा ऐकू आला, "सांडा वो ते पान्याचे गुंड! सांडा!"

फोन बंद झाला. ती गुरुजींकडे वळली.

"गुरुजी, पुस्तकात कुटूनच घ्यायला सांगितलंय. सगळीकडे तसंच करतात. ती पद्धत खोटी?"

"खरी आहे."

"मग?"

गुरुजींनी तिची बाटली उचलली आणि तिच्याच हातात दिली.

"जा गावात. पाण्याला सांग, कुटलेल्या मातीतूनच उतर म्हणावं."