राहिलेलं सुतक

दामोदरपंत गेले. त्यांचा दत्तक मुलगा सदानंद अग्नीचं मडकं उचलणार, तोच पंतांचे धाकटे भाऊ गोपाळराव आडवे आले. इस्टेटीवर डोळा होताच. "ठेव ते! तू आमच्या रक्ताचा नाहीस. अग्नी मी देईन."

सदानंदाने मडकं उचललंच. "काका, माझी जन्मदाती गेली तेव्हा मी तिकडे निघालो, तर तुम्हीच दार अडवलंत. म्हणालात, 'दत्तक आलास, गोत्र बदललं. तिचं सुतक तुला नाही.' मी मुकाट्याने पानावर बसलो. आज मी या घरचाही नसेन, तर माझ्या आईची चिता पुन्हा रचा. तिला अग्नी देतो, मग हे मडकं तुमचं."

काका बाजूला झाले.

घाटावर सदानंद ढसाढसा रडला. लोक म्हणाले, केवढा जीव होता बापावर! होताच. पण त्यातलं निम्मं रडू आईचं होतं.