पोवळीराणीचा मुराळी

एकदा काय झालं, एक होती राणी. तिचं नाव पोवळी. बनू, आधी ते पाय खाजवणं थांबव, मग सांगते.

तर पोवळीला सासरी काही कमी नव्हतं. पण जीव सगळा माहेरी, डोंगरांपलीकडे. तिथं आई एकटी. आणि त्या राज्यातली रीत अशी, की माहेराहून भाऊ न्यायला आला तरच सुनेनं जायचं. त्या भावाला म्हणायचे मुराळी. पोवळीला तर भाऊच नव्हता! पंचमी आली की जावा नटूनथटून निघायच्या. पोवळी आपली सज्जात उभी राहून वाटेकडे बघायची. आईची इतकी आठवण यायची, की घास घशाखाली उतरायचा नाही.

एका पंचमीला तिच्या हाताला काहीतरी कडकडून चावलं. ही लाल गांधी उठली! खाज म्हणजे खाज! मग दासीनं गार पाण्याची घडी ठेवली. खाज निवली. राणी पुन्हा वाटेकडे बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चावलं. मग सासूबाईंनी कोरफडीचा गर लावला. बरं वाटलं. राणी पुन्हा सज्जात. चावतंय कोण, ते काही तिनं बघितलं नाही, बरं का. डोळे सगळे वाटेवर.

तिसऱ्या दिवशी तर मनगटच सुजलं. राणीला आठवलं, आई तुळशीची पानं चुरगळून लावायची. मग ती अंगणात गेली. तुळशीपाशी वाकली आणि बघते तर काय, बाहीवर एवढासा काळा मुंगळा! ती चापट मारणार, तेवढ्यात तो बोलला.

"मारू नको गं ताई. मी तुला न्यायला आलोय. हाका मारून घसा बसला माझा. तुला ऐकूच जाईना, मग चावलो."

"कुणी धाडलं रे तुला?"

"आईनं. रोज आमच्या वारुळाशी साखर घालते आणि तुझ्या नावानं रडते. म्हणाली, माझं खाता ना, मग जा कुणीतरी भाऊ होऊन."

राणीला हसू की रडू असं झालं.

तिनं त्याला आत नेऊन दाखवलं, तर सासूबाई म्हणाल्या, "मुंगळा कसला गं मुराळी?"

पोवळीनं पाट मांडला, रांगोळी काढली, गुळाचा खडा ठेवला. मुंगळा पोटभर जेवला. आता पाटावर जेवलेल्या मुराळ्याला एकटं परत पाठवायचं नाही, हीसुद्धा रीतच की! मग सासूबाईंनी मुकाट्यानं सुनेची ओटी भरली.

मग पालखी निघाली. पुढं चालायचा मान मुराळ्याचा. पण मुंगळा चालणार तो किती? वेशीपर्यंत जाताजाताच ऊन उतरलं. राणीला दम निघेना. मग तिनं त्याला तळहातावर घेतलं आणि भोयांना म्हणाली, "पळा रे!"

आई दारातच उभी होती. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, लेकीचा हात हातात घेतला. "अगं बाई, काय चावलं गं एवढं?"

पोवळी म्हणाली, "भाऊ चावला, आई."

मग ती दिवाळीपर्यंत माहेरी राहिली, अगदी सुखात. चला, दिवा बारीक करते. मिटा डोळे.