पिंजूची माती आणि गळकी गाडी

एक होतं पिल्लू. कोंबडीचं पिल्लू. पिंजलेल्या कापसासारखं. म्हणून त्याचं नाव पिंजू.

पिंजू होतं एवढंसं. लिंबाएवढं. पण त्याचा राग भोपळ्याएवढा.

पिंजू राहायचं कमळामावशीच्या अंगणात. अंगणात सगळीकडे फरशी. पण पत्र्याच्या छपराखाली होती माती. लाल लाल. मऊ मऊ. कोरडी कोरडी. आणि त्या मातीवर उभी असायची मावशीची जुनी, निळी गाडी.

गाडीच्या खाली पिंजूचा खळगा होता. पिंजूने स्वतः उकरला होता. इवल्या इवल्या पायांनी. खर खर खर. रोज सकाळी पिंजू तिथे आंघोळ करायचं. मातीची आंघोळ. कोंबड्या पाण्याने आंघोळ करत नाहीत. मातीत लोळतात. पिसं झटकतात. भुस्स भुस्स. मग किडे पळतात. खाज जाते.

एक दिवस काय झालं? पिंजू आलं. टुक टुक टुक. खळग्यात बसलं. डोळे मिटले. आणि...

टप.

पाठीवर काहीतरी पडलं. काळं काळं. चिकट चिकट.

टप. आणखी एक.

पिंजूने खाली पाहिलं. खळग्यात तेल. लाल माती काळी झाली होती. मऊ माती चिखल झाली होती. पिंजूची पिसं चिकटली. अंग खाजायला लागलं.

पिंजू फुगलं. मान ताठ केली. वर पाहिलं. वर होतं गाडीचं पोट.

पिंजू म्हणालं,
"गाडी गाडी, गळू नकोस.
माझी माती काळी झाली.
हे चालायचं नाही."

गाडी म्हणाली, "मी काय करू? रस्त्यात दगड लागला. माझा चेंबर फुटला."

चेंबर म्हणजे गाडीच्या पोटाखालचं तेलाचं भांडं. त्यालाच भोक पडलं होतं. म्हणून टप टप टप.

"नवा चेंबर बसेल, तर मी ऐकेन," गाडी म्हणाली. "नाहीतर नाही."

पिंजू निघालं. टुक टुक टुक.

नवा चेंबर ओटीवर होता. खोक्यात. गवतात निजला होता. चकचकीत, काळा. एक ओरखडा नाही.

पिंजू म्हणालं,
"चेंबर चेंबर, गाडीला बस.
गाडी ऐकत नाही,
माझी माती काळी झाली.
हे चालायचं नाही."

नवा चेंबर म्हणाला, "मी बसू कुठे? माझ्या जागी जुना बसलाय. जुना निघेल, तर मी बसेन. नाहीतर नाही."

पिंजू परत फिरलं. टुक टुक टुक. गाडीच्या पोटाखाली गेलं. तिथे होता जुना चेंबर. पोचे पडलेला. तेलकट. टप टप करत होता.

पिंजू म्हणालं,
"जुन्या जुन्या, निघ ना रे.
नवा बसत नाही,
गाडी ऐकत नाही,
माझी माती काळी झाली.
हे चालायचं नाही."

जुना चेंबर म्हणाला, "मला काय इथे राहायची हौस आहे? या बोल्टांनी धरून ठेवलंय. बोल्ट सुटतील, तर मी निघेन. नाहीतर नाही."

बोल्ट तिथेच होते. चेंबरच्या काठाने. रांगेने. गंजलेले. कुरकुरे म्हातारे.

पिंजू म्हणालं,
"बोल्ट बोल्ट, सुटा ना रे.
जुना निघत नाही,
नवा बसत नाही,
गाडी ऐकत नाही,
माझी माती काळी झाली.
हे चालायचं नाही."

सगळे बोल्ट एकदम बोलले. "आपोआप कोण सुटतं? आम्ही नाही सुटत. पाना फिरेल, तर आम्ही सुटू. नाहीतर नाही."

टप. एक थेंब पिंजूच्या डोक्यावर पडला.

पिंजूने पाय आपटला. पाय काडीएवढा. आवाज काही झाला नाही. त्याचाही त्याला राग आला.

पाना भिंतीवर होता. खिळ्याला टांगलेला. उंच. पिंजूने मान वर केली. आणखी वर केली.

पिंजू म्हणालं,
"पाना पाना, फिर ना रे.
बोल्ट सुटत नाहीत,
जुना निघत नाही,
नवा बसत नाही,
गाडी ऐकत नाही,
माझी माती काळी झाली.
हे चालायचं नाही."

पाना वरून म्हणाला, "मी एकटा फिरू? मला हात नको? मावशी येईल, तर मी फिरेन. नाहीतर नाही."

पिंजू निघालं. टुक टुक टुक. पायरी आली. उडी मारली. पडलं. पुन्हा उडी मारली. चढलं.

ओटीवर कमळामावशी शेंगा सोलत होती. गाडी तिची. बिघडली तर दुरुस्तही तीच करायची. शेजारी झोपाळ्यावर दिगूकाका बसले होते. कुई कुई झोके घेत होते.

पिंजू म्हणालं,
"मावशी मावशी, ये ना गं.
पाना फिरत नाही,
बोल्ट सुटत नाहीत,
जुना निघत नाही,
नवा बसत नाही,
गाडी ऐकत नाही,
माझी माती काळी झाली.
हे चालायचं नाही."

दिगूकाका म्हणाले, "कमळे, ऐकलंस का हे पिल्लू काय म्हणतंय?"

"ऐकलं," मावशी म्हणाली. "खरंच आहे त्याचं. पण अहो, गाडी अशी जमिनीवर असताना मी खाली शिरू कशी? जागा कुठे आहे?"

मग ती पिंजूला म्हणाली, "बाळा, जॅक गाडी उचलेल, तर मी येईन. नाहीतर नाही."

जॅक छपराखालच्या कोपऱ्यात होता. बुटका. जाडजूड. ताकद खूप. गाडीला वर उचलायचं काम त्याचं.

पिंजू म्हणालं,
"जॅक जॅक, उचल ना रे.
मावशी येत नाही,
पाना फिरत नाही,
बोल्ट सुटत नाहीत,
जुना निघत नाही,
नवा बसत नाही,
गाडी ऐकत नाही,
माझी माती काळी झाली.
हे चालायचं नाही."

जॅक म्हणाला, "माती मऊ आहे. माझा पाय रुततो. मी रुतलो की गाडी पडते. फळी माझ्याखाली सरकेल, तर मी उचलेन. नाहीतर नाही."

जो तो कारण सांगत होता. गाडीला कारण होतं. बोल्टांना कारण होतं. मावशीलासुद्धा कारण होतं. आणि माती कुणाची गेली? पिंजूची. खाज कुणाला सुटली? पिंजूला.

पिंजूने पाठ फिरवली. निघालं. टुक टुक टुक.

फळी गोठ्याच्या दाराशी होती. जाड. लांब. मजबूत.

पिंजू म्हणालं,
"फळी फळी, सरक ना गं.
जॅक उचलत नाही,
मावशी येत नाही,
पाना फिरत नाही,
बोल्ट सुटत नाहीत,
जुना निघत नाही,
नवा बसत नाही,
गाडी ऐकत नाही,
माझी माती काळी झाली.
हे चालायचं नाही."

फळी बारीक आवाजात म्हणाली, "मी सरकले असते रे. पण माझ्यावर बघ कोण बसलंय. शेळी उठेल, तर मी सरकेन. नाहीतर नाही."

फळीवर शेळी बसली होती. केवढी मोठी. पाय दुमडून. डोळे अर्धे मिटून. कचर कचर. कचर कचर. रवंथ चालला होता.

पिंजू तिच्या नाकासमोर गेलं. शेळीच्या श्वासाने त्याची पिसं हलली. पिंजू मागे सरलं नाही.

पिंजू म्हणालं,
"शेळी शेळी, ऊठ ना गं.
फळी सरकत नाही,
जॅक उचलत नाही,
मावशी येत नाही,
पाना फिरत नाही,
बोल्ट सुटत नाहीत,
जुना निघत नाही,
नवा बसत नाही,
गाडी ऐकत नाही,
माझी माती काळी झाली.
हे चालायचं नाही."

शेळी म्हणाली, "नाही उठत."

"कोण आलं, तर उठशील?" पिंजूने विचारलं.

"कुणी आलं, तरी नाही."

"पाय दुखतो का?"

"नाही."

"मग कारण काय?"

"कारण नाही," शेळी म्हणाली. "मला उठायचं नाही." कचर कचर. कचर कचर.

पिंजू बघतच राहिलं. कारणसुद्धा नाही? आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं.

आता मात्र पिंजू फार फार रागावलं. लिंबाएवढं होतं, ते पेरूएवढं फुगलं.

"मग मीही जात नाही," पिंजू म्हणालं. "माझी माती गेली. मी तुझ्या पाठीवरच आंघोळ करणार."

आणि टुण्. पिंजू फळीवर. टुण्. पिंजू शेळीच्या मानेवर. टुण्. पिंजू पाठीवर.

तिथे ते उकरायला लागलं. इवल्या इवल्या पायांनी. खर खर खर. शेळीच्या केसांत बसलं. लोळलं. पिसं झटकली. भुस्स भुस्स. पुन्हा उकरलं. खर खर खर.

शेळीची कातडी थरथरली. शेपूट हललं. कान हलले. रवंथ थांबला.

"अरे, गुदगुल्या होतात," शेळी म्हणाली.

खर खर खर.

"अरे, पुरे."

खर खर खर.

"बें...," शेळी ओरडली. आणि ताडकन उठली.

शेळी उठली, तशी फळी मोकळी झाली. ओरडणं ऐकून दिगूकाका झोपाळ्यावरून आले. त्यांनी फळी ओढली. सर्र.

फळी सरकली, तशी जॅकखाली गेली. दिगूकाकांनी चाकांना विटा लावल्या. जॅक गाडीखाली ठेवून त्याचा दांडा हलवला. खट्क. खट्क. खट्क.

जॅकने उचललं, तशी गाडी वर गेली. काकांनी खाली लोखंडी घोडी लावली. गाडी तिच्यावर टेकली. हलली नाही, डुलली नाही.

गाडी टेकली, तशी मावशी आली. पदर खोचला. खाली गोणपाट टाकलं. त्यावर उताणी निजली. "अहो, ते घमेलं सरकवा इकडे," ती म्हणाली. "आणि पिल्लू, तू लांब उभं राहा."

मावशीने जुन्या चेंबरचं बूच काढलं. काळं तेल घमेल्यात पडलं. धबा धबा धबा.

मावशीने हात लावला, तसा पाना फिरला. कर्र. कर्र. कर्र.

पाना फिरला, तसे बोल्ट सुटले. टण्. टण्. टण्.

एक बोल्ट सुटेना. सगळ्यांत म्हातारा. पिंजू लांबून त्याच्याकडे बघत राहिलं. डोळे मोठे करून. मावशीने जोर लावला. टण्. तोही सुटला.

बोल्ट सुटले, तसा जुना चेंबर निघाला. धप्प. "सुटलो एकदाचा," म्हणाला.

जुना निघाला, तसा नवा बसला. मावशीने आधी जागा पुसली. मध्ये पॅकिंग लावलं, फटीतून तेल गळू नये म्हणून. मग नवा चेंबर. मग पुन्हा सगळे बोल्ट. कर्र कर्र कर्र.

गाडी खाली आली. दिगूकाकांनी वरून नवं तेल ओतलं. गुडूप गुडूप गुडूप. मावशीने गाडी सुरू केली. घुर्र. घुर्र. घुर्र.

सगळे वाकले. सगळ्यांनी गाडीखाली पाहिलं. मावशीने पाहिलं. काकांनी पाहिलं. शेळीनेही पाहिलं.

थेंब नाही. टप नाही.

गाडी ऐकत होती.

मावशी म्हणाली, "झालं."

"झालं नाही," पिंजू म्हणालं. "माझी माती?"

माती अजून काळीच होती.

मावशी काकांकडे बघून म्हणाली, "अहो, त्याचं त्याला द्यायला हवं."

दिगूकाकांनी फावडं आणलं. काळी माती खरवडली. सगळी काढली. मग घरामागच्या परड्यातून टोपलीभर माती आणली. लाल लाल. मऊ मऊ. कोरडी कोरडी. गाडीखाली ओतली. मावशीने फडकं घेतलं. पिंजूची चिकट पाठ पुसली. हळूच.

"ही माझी?" पिंजूने विचारलं.

"तुझीच," मावशी म्हणाली.

पिंजू मातीत शिरलं. टुक टुक टुक. खळगा उकरला. खर खर खर. बसलं. लोळलं. पिसं झटकली. भुस्स भुस्स. किडे पळाले. खाज गेली. राग बारीक झाला. पेरूएवढा झाला. लिंबाएवढा झाला. वाटाण्याएवढा झाला. मग नाहीसा झाला.

मग पिंजूची आई आली. भावंडं आली. सगळी मातीत लोळली. भुस्स भुस्स भुस्स. धूळ उडाली. वर गेली. निळ्या गाडीवर बसली. काचेवर बसली. दिव्यांवर बसली.

गाडी म्हणाली, "अगं बाई, मी मळले. मला कोण पुसेल?"

पिंजूने ऐकलंच नाही. ते डोळे मिटून आंघोळ करत होतं.

पिंजूची आंघोळ चालली,
आपली गोष्ट इथे थांबली.