इटुकलीचं दार बुजलं

एक होतं घर. घराला द्यायचा होता नवा रंग. सगळं सामान खोलीच्या मधोमध. सामानावर मोठ्ठी जुनी चादर.

भिंतीत होतं एक भोक. भोकात राहायची इटुकली मुंगी आणि तिचं बाळ.

बाहेर आवाज आला, खर्र खर्र.

"कसला गं बाई आवाज? बाळा, तू थांब. मी बघून येते."

इटुकली गेली तुरुतुरु तुरुतुरु. शिडी बघितली. रंगाचे डबे बघितले. ब्रशाला केस किती, तेही बघितलं. परत आली, तर दारच नाही.

भोक दिसलं की लांबी भरायची, ही गफूरकाका रंगाऱ्यांची सवय. लांबी म्हणजे भिंतीची कणीक, पांढरी आणि मऊ. आत कोण आहे, ते काकांनी बघितलंच नाही.

आत बाळ. बाहेर आई. इटुकलीला रडूच आलं.

गेली तुरुतुरु तुरुतुरु पत्र्याकडे. ज्याने काकांनी लांबी भरली, तो हा पत्रा.

"पत्रादादा, पत्रादादा,
दार माझं उघडेना,
बाळ माझं आत."

पत्रा म्हणाला, "काका मला उचलतील, तर मी लांबी खरवडीन."

गेली तुरुतुरु तुरुतुरु काकांकडे.

"गफूरकाका, गफूरकाका,
पत्रा लांबी खरवडेना,
दार माझं उघडेना,
बाळ माझं आत."

काका म्हणाले, "दमलो गं. मावशी चहा करेल, तर मी पत्रा उचलीन."

गेली तुरुतुरु तुरुतुरु घरातल्या निर्मलामावशीकडे.

"मावशी, मावशी,
काका पत्रा उचलेना,
पत्रा लांबी खरवडेना,
दार माझं उघडेना,
बाळ माझं आत."

मावशी म्हणाली, "साखरेचा डबा चादरीखाली गेलाय. चादर सरकेल, तर मी चहा करीन."

गेली तुरुतुरु तुरुतुरु चादरीकडे.

"चादरबाई, चादरबाई,
मावशी चहा करेना,
काका पत्रा उचलेना,
पत्रा लांबी खरवडेना,
दार माझं उघडेना,
बाळ माझं आत."

चादर म्हणाली, "इकडे पलंग, तिकडे कपाट. डबा नक्की कुठे? जागा सांग, तर मी सरकीन."

आता कुणाला विचारायचं? पुढे कुणीच नव्हतं.

इटुकली शिरली चादरीखाली. काळोखच काळोख. हुंग हुंग. ही खुर्ची. हुंग हुंग. ही उशी. हुंग हुंग. अगोबाई, गोड वास. साखर कुठे, हे मुंगीला कुणी शिकवावं लागतं होय?

"चादरबाई, इथे."

चादर सरकली, सर्र सर्र.
मावशीने चहा केला, खळखळ खळखळ.
काका चहा प्यायले, फुर्र फुर्र.
काकांनी पत्रा उचलला.
पत्र्याने लांबी खरवडली, खर्र खर्र.
दार उघडलं.
बाळ आलं आईच्या कुशीत.

काका वाकले. भोकाला डोळा लावून बघत राहिले. म्हणाले, "चुकलं माझं. आधी विचारायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी काका पिवळा रंग घेऊन आले. भोकाशी थांबले. बोटाने वाजवलं, टक टक.

"आत कोण आहे का?"

आतून बारीक आवाज आला, "मी आणि आई."

"बरं बरं," काका म्हणाले. आणि दार सोडून त्यांनी सगळी भिंत रंगवली.