दीनाच्या दारातली शेळी

फार जुनी गोष्ट आहे. देवळांवर अजून कौलं चढली नव्हती, दरसाल गवतानं शाकारावी लागत, त्या काळातली. डोंगराच्या पायथ्याला एक लहानसं गाव होतं आणि गावात ख्रिस्ती मंडळी नांदत होती. त्यांची एक रीत होती. नाताळ जवळ आला की ज्याला जे जमेल ते त्यानं दुसऱ्याच्या दारात ठेवायचं आणि मुकाट्यानं निघून जायचं. कुणी ज्वारीचं गाठोडं ठेवी, कुणी गुळाची ढेप, कुणी बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू. ठेवणाऱ्यानं सांगायचं नाही आणि घेणाऱ्यानं विचारायचं नाही. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, हे शास्त्रातलं वचन त्या गावानं मनावर घेतलं होतं.

सगळ्या गावात ही रीत एकट्या मनश्शेला आवडत नसे.

मनश्शे मंडळीचा पंच होता. माणूस वाईट नव्हता. देवळाच्या धान्यातला दाणा कधी त्याच्या घरी गेला नाही. पण तो लहान असताना असाच कुणीतरी त्याच्या बापाच्या दारात बैल बांधून गेला होता. बाप हरखला. त्यानं बैलाला ओवाळलं, गावभर मिरवलं. पुढं तो बैल चोरीचा निघाला. मग बापाला चावडीपुढच्या लिंबाला बांधलं आणि सगळं गाव बघायला जमलं. खरा चोर कधी सापडलाच नाही. बापानं त्यानंतर मान वर करून कुणाशी बोलणं केलं नाही. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मनश्शे तर पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागला. निनावी देणगी दिसली की तो म्हणे, "गळाला लावलेलं पीठ माशालाही फुकटच वाटतं."

गावात दीना नावाची बाई होती. एका वर्षी कोरड्या पावसाळ्यात विहीर खोल करताना दरड कोसळली आणि तिचा नवरा खाली गाडला गेला. मांडीवर तान्हं लेकरू. दुःखानं आणि तापानं तिचं दूध तुटलं. ती लेकराला तांदळाची पेज पाजी, पण पेजेनं त्याचं पोट भरेना. त्याचं रडणं ओढ्यापर्यंत ऐकू यायचं. शेजारणी आपापल्या घरातलं वाटीभर दूध आणून देत, पण दुष्काळी साल होतं. गुरांच्या कासेत दूध होतंच कुठं?

आणि नाताळच्या आदल्या सकाळी दीनानं दार उघडलं तर समोर शेळी! नुकतीच व्यालेली, दुधानं कास भरलेली, दाराच्या खुंटीला बांधलेली.

दीना रडायला लागली. तिनं शेळीच्या गळ्यात हात टाकले, आणि मग लेकराला कडेवर घेऊन ती देवळाकडं धावत सुटली, पाळकसाहेबांना सांगायला. वाटेत भेटेल त्याला सांगत गेली. ती परत आली तेव्हा दारात मनश्शे उभा होता. शेळीचं दावं त्याच्या हातात होतं.

"शेळी कुणाची?" त्यानं विचारलं.

"देवाची," दीना म्हणाली. "नाताळची देणगी आहे, दादा."

"देव दावं वळत नाही, बाई. हे दावं कुणीतरी माणसानं वळलंय. दुष्काळात दुभती शेळी कोण सोडतं फुकट? उद्या मालक उगवला आणि चोरीचा आळ तुझ्यावर आला तर? तुला लिंबाला बांधतील तेव्हा हे लेकरू कोण धरील?"

दीना घाबरली. तिनं लेकरू छातीशी घट्ट धरलं.

"मालक कळेस्तोवर शेळी माझ्या गोठ्यात राहील," मनश्शे म्हणाला. "तुझ्याच भल्यासाठी सांगतोय."

त्याला ते खरंच तसं वाटत होतं. शेळी ओढत नेताना मागं लेकरू रडत होतं, पण तो मनाशी हिशेब मांडत होता: हे काम कुणाचं?

आधी त्याला गिद्योन आठवला. गिद्योनचा तेलाचा घाणा होता. मनश्शेनं त्याला गाठून विचारलं तसा तो पोट धरून हसला. "मी? मी दिली असती तर आमच्या बायकोनं मलाच खुंटीला बांधलं असतं!" हा इतका हसतोय का, असं मनश्शेच्या मनात आलं. खोटं बोलणाराच जास्त हसतो.

मग तो दीनाच्या दिराकडं, लमुवेलकडं गेला. लमुवेलनं खाली बघत सांगितलं, "मी द्यायला हवी होती, पंच. पण नाही दिली." मनश्शेला ते पटलं नाही. दीनाची ओढ्याकाठची पट्टी लमुवेलच्या शेताला लागून होती. आज शेळी, उद्या शेत. नक्कीच काहीतरी शिजतंय.

पाळकसाहेब स्वतःहून त्याच्या घरी आले. म्हणाले, "मनश्शे, देणारा लपला म्हणजे काही चोर होत नाही. शेळी परत करा. लेकराला दूध हवंय."

"साहेब, तुम्हाला माहीत आहे का, कुणी दिली?"

"नाही."

"मग हमी कशाची घेता?"

पाळकसाहेब उठून चालते झाले. ते गेल्यावर मनश्शेला वाटलं, यांनीच तर देवळाच्या वर्गणीतून घेतली नसेल? नाहीतर इतकी कळकळ कशाला?

इकडं गोठ्यात शेळी तट्ट फुगल्या कासेनं ओरडत होती. त्याची बायको हन्ना म्हणाली, "अहो, दूध तरी काढू द्या. दीनाला नेऊन देते."

"चोरीच्या शेळीचं दूध प्यायलं की लेकरूही चोरीत आलं. हात लावायचा नाही."

पण हन्नाच्यानं राहवेना. भर दुपारी, नवरा बाहेर गेलाय असं बघून तिनं लोटाभर दूध काढलं आणि पदराखाली धरून निघाली. मनश्शे दारातच भेटला. त्यानं पदर बाजूला केला. लोटा बघितला. आणि त्याच्या डोळ्यांत जे आलं ते बघून हन्ना दोन पावलं मागं सरकली.

"तू," तो म्हणाला. "तूच बांधलीस ती शेळी. माझ्या घरातूनच हे चाललंय."

"मी कुठून आणू शेळी?" हन्ना म्हणाली. "माझ्या अंगावर विकण्याजोगं, तुम्हाला ठाऊक नाही असं काय आहे?"

मनश्शेनं दूध कुंपणाच्या कडेला ओतून दिलं. शेळीला गोठ्यातून काढून कोठीत कोंडलं, कडी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. चारापाणी तो स्वतः टाकी. त्या दिवसापासून हन्ना त्याला जेवायला वाढी, पण समोर बसत नसे.

संशय हा गवतातल्या विस्तवासारखा असतो. पंचाच्या घरून तो गावात पसरला. नाताळच्या सकाळी देवळात गाणी झाली, पण गाता गाता माणसं तिरक्या नजरेनं एकमेकांकडं बघत होती. कुणाच्या दारात करंज्यांची टोपली होती. घरधनिणीनं एकेक करंजी मोडून, वास घेऊन बघितली, आणि सगळी टोपली कुत्र्यांपुढं उलटी केली. एका म्हाताऱ्याला घोंगडी मिळाली होती. तो ती काखेत घेऊन घरोघर विचारत फिरला, "ही तुमची का? मग न्या बाबा परत. मला झंझट नको." थंडीनं त्याचे दात वाजत होते, पण घोंगडी अंगावर घ्यायचं धाडस त्याला झालं नाही.

मनश्शेला हे बघून बरंच वाटलं. माणसं शहाणी होतायत, असं तो म्हणाला.

नाताळ उलटून गेला. शेळीचं ओरडणं हळूहळू थांबलं. एका सकाळी चारा टाकताना मनश्शेला तिच्या कानाच्या आतल्या बाजूला एक खूण दिसली. लहानसा त्रिकोणी काप. तो काप त्यानं ओळखला. दरसाल थंडीत धनगरांचा कळप त्या वाटेनं खाली उतरे आणि खतासाठी गावाच्या शेतांत मेंढरं बसवी. त्यांच्या सगळ्या जनावरांच्या कानाला तसाच काप असायचा. कळप तेव्हाही शिवेवरच उतरलेला होता.

"सापडली चोरी!" मनश्शे ओरडला. त्यानं गिद्योनला, लमुवेलला, पाळकसाहेबांना, चार माणसांना गोळा केलं. त्याला सगळ्यांना दाखवायचं होतं. शेळी पुढं, तो मागं, आणि त्याच्यामागं गाव, अशी ती वरात शिवेवर गेली.

धनगरांच्या तळावर एक म्हातारी चुलीपुढं बसली होती. तिनं शेळी बघितली आणि ती उठून उभी राहिली.

"आजी," मनश्शे म्हणाला, "ही शेळी तुमच्या कळपातली. आमच्या गावात कुणीतरी चोरून आणली. मी ती सांभाळून ठेवली. आता सांगा, तुमच्या तळावर कोण कोण येऊन गेलं होतं?"

"चोरली?" म्हातारी म्हणाली. "कुनी चोरली? म्याच बांधली की त्या बाईच्या दारात."

"तुम्ही?" मनश्शे म्हणाला. "तुम्ही आमच्यातल्या नाही. त्या बाईची तुमची ओळख नाही. मग कशासाठी?"

"वड्यावर पानी भराया आले व्हते. लेकरू रडत व्हतं. भुकेचं रडनं येगळं असतंय, ते समजतं. माझ्याकडं शेळी व्हती. तुमच्यात या दिसांत गुपचूप ठिवायची रीत हाय, आसं दरसाल ऐकते. मला ती लई आवडती. म्हनून मी बी गुपचूप ठिवली. चुकलं का माझं?"

म्हातारी खाली बसली आणि तिनं शेळीच्या कासेखाली हात घातला. एकदा दाबून बघितलं, पुन्हा दाबून बघितलं. तिचा चेहरा बदलला.

"हिचं दूध न्हाई काढलं कुनी? आटली की ही." मग तिनं मान वर करून विचारलं, "लेकरू कसं हाय?"

मनश्शेनं गिद्योनला विचारलं होतं, लमुवेलला विचारलं होतं, पाळकांना, बायकोला, अर्ध्या गावाला विचारलं होतं. शेळी कुणाची, कुठून आली, का आली, सगळं विचारलं होतं. लेकरू कसं आहे, हे एवढंच त्यानं कुणाला विचारलं नव्हतं. त्याला उत्तर माहीत नव्हतं.

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "आई, लेकराला आता रडायचंही त्राण नाही."

म्हातारीनं सुनेला हाक मारली. कळपातली दुसरी दुभती शेळी सोडवली. मनश्शे पुढं झाला. "द्या, मी नेतो. आत्ता धावत नेतो."

म्हातारीनं दावं मागं घेतलं. ते सुनेच्या हातात दिलं. "तूच जा. त्या बाईच्या हातात दे, आन लेकरू दूध पिईस्तोवर तितं बस." मनश्शेकडं तिनं पुन्हा बघितलं नाही.

सून शेळी घेऊन गावात गेली, आणि मनश्शे तिच्यामागून चार हातांवरून चालत राहिला. दीनाच्या अंगणात शिरायची त्याची छाती झाली नाही. कुंपणाबाहेर उभा राहून तो ऐकत होता. बऱ्याच वेळानं आतून लेकराचं रडणं ऐकू आलं. आयुष्यात कुठल्या आवाजानं त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं. घरी येऊन त्यानं कमरेची किल्ली हन्नापुढं ठेवली. त्या दिवशी ती त्याच्यासमोर बसून जेवली.

लेकरू वाचलं, मात्र अंगानं किरकोळच राहिलं. बरोबरीची पोरं पळायला लागली तेव्हा ते कुठं उभं राहायला शिकलं. धनगरांनी पुढच्या साली वाट बदलली. म्हातारी म्हणाली म्हणे, ज्या गावात दिलेलंही चोरीचं ठरतं, तिथं जनावर घेऊन उतरायचं कशाला? मेंढरं बसली नाहीत, शेतांना लेंडीखत मिळालं नाही, आणि ज्वारीची कणसं बारीक भरली. सगळ्या गावानं ते भोगलं.

पुन्हा नाताळ आला. या वेळी कुणी कुणाच्या दारात काही ठेवलं नाही. ठेवावं तर कुणी संशय घेईल, घ्यावं तर काही अंगाशी येईल. सगळी दारं मोकळी.

मग मनश्शेनं ज्वारीचं गाठोडं बांधलं, वर गूळ ठेवला आणि गावाच्या टोकाला राहणाऱ्या एका गरीब विधवेच्या दारात ते गुपचूप ठेवून आला. शेतात गेला तरी त्याचं लक्ष तिकडंच होतं. तिनं घेतलं असेल का? तिची पोरं गूळ खात असतील का?

दिवस मावळायच्या सुमाराला तीच बाई गाठोडं डोक्यावर घेऊन त्याच्या अंगणात आली. गाठ सोडलेली नव्हती. गुळाला मुंग्या लागल्या होत्या.

"पंच," ती म्हणाली, "हे कुणीतरी माझ्या दारात टाकून गेलंय. कुणाचं आहे ते तुम्ही शोधून काढा. तुमची खात्री झाली तरच घेईन. पोरं सकाळपासून मागतायत, पण मी हात लावू दिला नाही."

हन्नानं नवऱ्याकडं बघितलं. तिला ते फडकं ओळखू आलं होतं.

मनश्शेच्या ओठावर स्वतःचं नाव आलं होतं, पण ते त्यानं गिळलं. त्यानं गुळावरच्या मुंग्या हातानं झाडल्या, गाठोडं उचललं आणि म्हणाला, "चल बाई. मी घरापर्यंत आणून देतो. आधी पोरांना खाऊ घाल."

"पण कुणाचं आहे?"

"पोरांना भूक लागलीय ना? मग त्यांचंच आहे."

बाई त्याच्यामागून चालू लागली. वाटभर ती गाठोड्याकडं बघत होती, आणि अधूनमधून मनश्शेकडंही. तिच्या नजरेतला संशय त्याला पाठीवर जाणवत होता. तो त्यानंच गावाला शिकवला होता, म्हणून त्यानं तो मुकाट्यानं सोसला.

लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: देणाऱ्याचा हात शोधत बसलं, की घेणाऱ्याच्या तोंडचा घास वाळून जातो.